सव्वा महिना होईपर्यंत बाळाची आरओपी तपासणी थांबवली तर चालेल का?

नाही, थांबू नका. आरओपी म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. तुम्ही लिहिलंय की बाळ 31 आठवड्यांत जन्मलेलं, जन्माचं वजन 1400 ग्रॅम, आज 24वा दिवस, आणि सासूबाई सव्वा महिना बाहेर काढू नको म्हणतात. आपल्याकडे 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हायला हवी. तुमच्या हातात सहा दिवस आहेत.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ आधी आलं की त्या अर्ध्यावर थांबतात, आणि काही बाळांत मग भलत्याच फोफावून पडदा ओढतात. उपचार लागलेच तर बहुधा 35 ते 38 आठवड्यांच्या सुमारास, गर्भारपणाचे आठवडे धरून. तसं मोजलं तर तुमचं बाळ आज 34 आठवडे 3 दिवसांचं आहे. सव्वा महिना होईल तेव्हा 37वा आठवडा चालू असेल, म्हणजे नेमका धोक्याचा काळ. डोळे टपोरे दिसतात यावर विसंबू नका. आजार आत पडद्यावर असतो. बाहुली पांढरी दिसू लागते तोवर पडदा बहुतेक सुटलेला असतो.

तपासणीआधी तासभर दूध देऊ नका, नाहीतर उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाहुली मोठी करणारे थेंब दर 10-15 मिनिटांनी दोन-तीनदा घालतात. गालावर ओघळलेला थेंब लगेच कापसाने टिपा. हे औषध अंगात जास्त गेलं तर बाळाचं पोट फुगतं, रक्तदाब वाढतो. मग दुपट्यात घट्ट गुंडाळून, पापण्या तारेच्या छोट्या चिमट्याने उघड्या ठेवून पडदा पाहतात. बाळ रडतं, डोळे थोडे लाल होतात, दिवसभरात उतरतात.

खरी चूक पुढे होते. कागदावर ‘आरओपी नाही, पडदा अपरिपक्व, झोन 2’ (म्हणजे वाहिन्या पडद्याच्या मधल्या पट्ट्यापर्यंतच आल्यात) असं आलं की लोक सुटलो म्हणतात. तसं नाही! वाहिन्या अजून पोचायच्या आहेत. सांगितलेल्या तारखेला, बहुधा दोन आठवड्यांनी, पुन्हा जायचंच. ‘पडदा परिपक्व’ असं लिहून मिळेपर्यंत फेऱ्या चालू ठेवा. लेझर किंवा इंजेक्शन सांगितलं तर 48 ते 72 तासांत करून घ्या. इंजेक्शननंतर आजार उलटू शकतो, त्यामुळे त्या बाळांच्या फेऱ्या जास्त काळ चालतात.

चष्म्याचा नंबर काढणाऱ्यांकडे हे होत नाही. जिथे बाळ दाखल होतं तिथेच उद्या फोन करा, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आरओपी तपासणीचा वार विचारा. सासूबाईंनाही सोबत न्या. टोपडं घालून, सकाळचा पहिला नंबर मागून.