जुलैची क्रूझ की नोव्हेंबरची?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. थोडक्यात हकिगत अशी. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पगार वर्षाला १,१०,००० डॉलर. ताई स्वतः अर्धवेळ काम करतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा, दोघांचा जन्म इथलाच. मे अखेरीस साताऱ्याहून सासू-सासरे येणार आहेत आणि नोव्हेंबरच्या मध्यावर परत जाणार आहेत. सासरे ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सहा जणांनी मायामीहून सात रात्रींची पूर्व कॅरिबियनची क्रूझ करावी, असं घरात ठरतंय. घरातल्या कुणीच आजवर क्रूझ केलेली नाही. जुलैत दोन खोल्यांचं भाडं करांसकट ८,६०० डॉलर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हीच फेरी ६,३०० ला मिळते, पण मुलांची शाळा बुडेल म्हणून कल जुलैकडे आहे. बँकेत १९,००० आहेत, घरखर्च महिन्याला ६,२००, आणि सगळं जाऊन महिन्याला १,१०० मागे पडतात. भाडं १८ टक्क्यांनी बारा हप्त्यांत भरायचं की सहा महिने ४०१(के), म्हणजे पगारातून निवृत्तीसाठी कापली जाणारी बचत, बंद ठेवायची, यावर नवरा-बायकोत चर्चा चालू आहे. शेवटी त्या लिहितात, "बाबा पुन्हा किती वेळा येतील सांगता येत नाही. आम्ही वेडेपणा करतोय का?"

ताई, अजिबात नाही. सासऱ्यांबद्दलचं ते एक वाक्य मी तुमच्या हिशेबाइतकंच गंभीरपणे घेतलं आहे. सहलीला जा. पण जुलैत नको, आणि हप्त्यांवर तर नकोच.

आधी खरा आकडा काढू. ८,६०० हे जहाजाचं भाडं झालं, सहलीचा खर्च त्याहून बराच मोठा आहे. नेवार्क ते मायामी विमान सहा जणांचं, उन्हाळ्यात माणशी ३२० धरलं तरी १,९२०. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी विमानाने पोचायचा धोका पत्करू नका, कारण विमानाला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून आदल्या रात्रीच्या हॉटेलच्या दोन खोल्या आणि जेवण ४००, मोठी टॅक्सी १६०. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप माणशी, दिवसाला लागते, आणि ती लहान मुलांचीही घेतात. सहा माणसं गुणिले सात दिवस म्हणजे ४२, अठरा डॉलरने ७५६. बेटांवरच्या सहली ९००, दोन फोनचं वाय-फाय २५०, विमा ७००, आणि मुलांचे खेळ, फोटो, सरबतं, किरकोळ मिळून ४००. बेरीज १४,०८६ डॉलर.

हे एकदम भरलेत तर १९,००० मधले ४,९०० उरतात, म्हणजे एका महिन्याचाही घरखर्च नाही. नागरिक असलेल्या कुटुंबाला मी एवढं ताणून धरलं नसतं. पण तुमच्या घराला एच-१बीचा आधार आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यात दुसरी नोकरी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा. घरभाड्याचा करार मोडणं, सहा तिकिटं, सामान पाठवणं हे सगळं त्या ६० दिवसांतच येऊन पडतं. १९,००० म्हणजे तुमचे जेमतेम तीन महिने आहेत. त्याला हात लावू नका.

हप्त्यांचं गणितही करून पाहिलं. ८,६०० वर १८ टक्के, बारा महिने, तर हप्ता साधारण ७८८ चा आणि व्याज ८६० च्या आसपास. व्याजापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. सासऱ्यांची तब्येत ऐनवेळी बिघडली आणि जाणं रद्द झालं, तर जहाज कंपनी दंड कापून घेणार आणि कर्ज देणाऱ्याचा हप्ता मात्र चालू राहणार. न केलेल्या सहलीचे हप्ते पुढच्या वर्षापर्यंत फेडत बसणं कुणालाही जड जाईल. आणि ४०१(के) थांबवायचा विचार सोडूनच द्या. तुमच्या पत्रानुसार तुम्ही भरता तोवर कंपनीही पगाराच्या ४ टक्के आपल्याकडून घालते. सहा महिन्यांचे ते २,२०० डॉलर होतात, आणि ते आपल्या हाताने परत करण्यासारखं आहे.

आता जुलै का नको. क्रूझचे पैसे जहाज सुटताना द्यायचे नसतात. बहुतेक कंपन्या सगळी रक्कम ७५ ते ९० दिवस आधी मागतात. जुलैच्या फेरीचे पैसे एप्रिलमध्येच द्यावे लागतील. आज फेब्रुवारी आहे, तोवर तुमच्याकडे नवे २,२०० जमतील. नोव्हेंबरच्या फेरीचे पैसे ऑगस्टमध्ये द्यायचे, तोवर सहा महिन्यांचे ६,६०० जमतात आणि भाडं आहे ६,३००. माझ्या दृष्टीने प्रश्न इथेच सुटतो. विमान माणशी २२० प्रमाणे १,३२०, हॉटेल ३५०, टॅक्सी १६०, टिप तीच ७५६, सहली ४५०, वाय-फाय एकाच फोनचं १४०, विमा ६५०, किरकोळ ३००. एकूण १०,४२६. ऑक्टोबर अखेरपर्यंत तुमचे नऊ महिन्यांचे ९,९०० साठतात. कमी पडले तर पाचशे, तेवढे बचतीतून घ्या.

शाळेचं म्हणाल, तर न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि त्या गुरुवार-शुक्रवारी सरकारी शाळा बंद असतात. बऱ्याच ठिकाणी निवडणुकीचा मंगळवारही सुट्टीचा असतो. तुमच्या शाळेचं कॅलेंडर काढून बघा. चौथीतली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा दोन-तीन दिवस गेले नाहीत तर काही बिघडत नाही, बाईंना आधी चिठ्ठी द्या म्हणजे झालं. हा आठवडा इथल्या पुष्कळ घरांना माहीत आहे, म्हणून विमानाची तिकिटं लवकर काढा. अटलांटिकमधला वादळांचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, त्यामुळे जुलै काय आणि नोव्हेंबर काय, दोन्ही त्यातच येतात. जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. वादळ आलं तर जहाज वाट बदलतं, एखादं बेट गळतं आणि त्याची भरपाई फारशी मिळत नाही. हे मनात धरूनच निघायचं.

पण या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. नवऱ्याच्या आणि तुमच्या पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्यावर कोणती तारीख आहे? मुदतवाढीचा आय-७९७ कागद घरात आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. तो कागद अमेरिकेत राहण्याची परवानगी देतो, परत आत येण्यासाठी मात्र शिक्का लागतो. शिक्का संपलेला असताना एच-१बीवाल्यांना तीस दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे, ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांना ती लागू नाही. विद्यार्थ्यांच्या एफ व्हिसाला शेजारच्या बेटांचीही सवलत असते, म्हणून "आमचे मित्र जाऊन आले" असं कुणी सांगितलं तर ते खरंही असेल, पण तुमच्या कामाचं नाही. आणि परदेशी बंदर टाळणारी क्रूझ शोधून ही अडचण सुटणार नाही. जवळजवळ सगळी मोठी जहाजं परदेशी झेंड्याखाली चालतात आणि १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यामुळे त्यांना वाटेत एकातरी परदेशी बंदराला लागावंच लागतं. शिक्का संपला असेल तर मायामीच्या धक्क्यावर कागद तपासतानाच अडवतील आणि भाडं बुडेल.

तसं असेल तर निराश होऊ नका. नेवार्कहून विमानाने पोर्तो रिकोतल्या सान हुआनला जा. तेही कॅरिबियनच आहे, पण अमेरिकेचा भाग असल्याने परत येताना व्हिसाचा प्रश्न येत नाही. कागदपत्रं सोबत ठेवा, एवढंच.

सासू-सासऱ्यांच्या बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर पुन्हा पुन्हा येण्याची परवानगी आहे ना, तेही बघून घ्या. वाटेतल्या प्रत्येक बेटासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं, हे जहाज कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा. फोनवरचं तोंडी उत्तर धरू नका.

विम्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे आमच्या घरात घडलं आहे. आमच्या पहिल्या क्रूझमध्ये चौथ्या रात्री माझ्या सासऱ्यांना धाप लागली. जहाजावरच्या दवाखान्यात डॉक्टर चांगले होते. ईसीजी काढला, ऑक्सिजन लावला, दोन इंजेक्शनं दिली आणि पहाटे खोलीत सोडलं. शेवटच्या रात्री दाराच्या फटीतून बिलाचा कागद आत सरकवला गेला. मुलांच्या व्हिडिओ गेमचे सात डॉलर, एक कॉफी, आणि त्याच रांगेत दवाखान्याचे १,९०० हून जास्त. सगळं एकाच कार्डावर. आमच्याकडे विमा होता, पण पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. ते मिळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत कार्डावर व्याज चढलं नाही, ते केवळ बाजूला पैसे ठेवलेले होते म्हणून.

म्हणून सासऱ्यांचा पाहुण्यांसाठीचा आरोग्य विमा घेताना तीन गोष्टी विचारा. अमेरिकेबाहेर, जहाजावर असताना तो चालतो का? जुना आजार अचानक उसळला तर किती रकमेपर्यंत चालतो? अनेक पॉलिसींमध्ये सत्तरीनंतर ही मर्यादा एकदम खाली येते, आणि सासरे ७१ चे आहेत. बेटावरून रुग्णाला विमानाने हलवावं लागलं तर तो खर्च धरलेला आहे का? हे बिल हजारांत नाही, दहा-दहा हजारांत जातं. सहल रद्द झाल्यास पैसे देणारा विमा वेगळा असतो. जुन्या आजाराची अट माफ करून घ्यायची असेल तर तो डिपॉझिट भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत काढावा लागतो, आणि परदेशी राहणाऱ्यांना सगळ्या कंपन्या तो देत नाहीत. आधी विमा कंपनीशी बोला, मग डिपॉझिट भरा. डिपॉझिटही परत मिळणाऱ्या प्रकारचंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. पूर्ण पैसे भरण्याआधी भाडं उतरलं तर बहुतेक कंपन्या नवा भाव लावून देतात, त्यासाठी महिन्यातून एकदा बघत जा.

खर्च कापायला भरपूर जागा आहे. दारूचं पॅकेज एका मोठ्या माणसाने घेतलं तर सहसा त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं, तुम्हाला त्याची गरज नाही. पाणी, चहा, साधी कॉफी, तिन्ही वेळचं जेवण भाड्यातच असतं. शाकाहारी भारतीय जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. मुलांचा क्लब दिवसभर मोफत असतो. सेंट मार्टिनला धक्क्यावरून छोट्या होडीने फिलिप्सबर्गच्या किनाऱ्यावर जाता येतं, तिथे जहाजाची सहल विकत घेऊ नका. कंपनीच्या खासगी बेटावर किनारा आणि जेवण सहसा भाड्यात असतं, वॉटर पार्क मात्र वेगळा आणि महाग. तो एकदा मुलांसाठी घ्यायचा की नाही, ते घरी ठरवा. सेंट थॉमसला टॅक्सी करून मॅगन्स बेला जा. अमेरिकेचा भाग असूनही तिथे गाड्या डाव्या बाजूने धावतात, आपल्याकडच्यासारख्या. तुमच्या सासऱ्यांना ते बघून नक्की बरं वाटेल.

एक खर्च मात्र कापू नका. तुम्ही बाल्कनीची खोली स्वतःला आणि मुलांना, आणि बिनखिडकीची सासू-सासऱ्यांना ठरवली आहे. ती उलटी करा. तुम्ही दिवसभर मुलांच्या मागे तरणतलावावर असाल, खोलीत फक्त झोपायला याल. गुडघे दुखणारी माणसं खोलीत बसतात. माझ्या सासूबाई सकाळी पाच वाजता शाल घेऊन बाल्कनीत बसायच्या, कागदी कपात चहा, आणि बंदर जवळ आलं की वाटाड्याची छोटी होडी जहाजाला येऊन चिकटायची ती वाकून बघायच्या. मुलीलाही आजी-आजोबांच्या खोलीत झोपू द्या. तीन-तीन माणसं केलीत तरी भाड्यात फारसा फरक पडत नाही. खोल्या लिफ्टजवळ आणि जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे कमी लागतात.

आज रात्री मुलं झोपल्यावर कपाटातून दोन्ही पासपोर्ट काढा आणि शिक्क्यांवरच्या तारखा मला कळवा. त्या नोव्हेंबरच्या पुढच्या असतील तर उद्या विमा कंपनीला फोन, आणि एक तारखेपासून १,१०० डॉलर वेगळ्या खात्यात.