चावी कपाटात ठेवली, तरी रेस चालूच

"मॅडम, पोरगा कमाई सगळी गाडीत घालतोय, रात्री मित्रांबरोबर हायवेला जातोय. चावी काढून घेऊ का?" हा प्रश्न पूर्वी मला समुपदेशक म्हणून बाईकबद्दल विचारला जायचा, आता चारचाकीबद्दलही विचारतात. याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, म्हणून एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

श्रीनिवास, वय 22. वडिलांचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, तिथलं डिस्पॅच हा बघतो. गाडी वडिलांच्या नावावर. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, कंपनीतून आली तेव्हा 110 पीएस ताकदीची. सर्व्हिसिंगला जातो असं सांगून हा पुण्याला गेला आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, रीमॅप करून आला, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्यातलं सॉफ्टवेअर बदलून आला. मुलं त्याला 'स्टेज वन' म्हणतात. काही दिवसांनी विजापूर रोडच्या पुढे हायवेवर रात्री लावलेल्या रेसचा व्हिडिओ कुणीतरी वडिलांना दाखवला. वडिलांनी चावी कपाटात टाकून कुलूप लावलं. पुढच्याच शनिवारी हा मित्राची गाडी घेऊन रेसला गेला. तिचे ब्रेक कसे लागतात, टायर किती झिजलेत, याची त्याला काहीच कल्पना नव्हती. म्हणजे चावी काढून घेतल्यावर धोका वाढला होता. तेव्हा आई त्याला माझ्याकडे घेऊन आली.

लेक्चर ऐकायच्या तयारीनंच तो बसला होता. मी म्हटलं, "मला गाडीतलं फार कळत नाही. टर्बो म्हणजे नेमकं काय, ते सांग." गडी खुलला. एक्झॉस्टमधून निघालेल्या गरम वायूवर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात भरतो, हवा जास्त म्हणून इंधनही जास्त जाळता येतं. कंपनी यातली थोडी ताकद हातची राखून ठेवते, कारण तीच गाडी आपल्या मे महिन्यातल्या उन्हातही चालली पाहिजे, आणि कुठल्याही पंपावरच्या पेट्रोलवर चालली पाहिजे. रीमॅप करणारा ती राखलेली ताकद वापरायला काढतो. मग नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला धक्के बसण्याची भीती, क्लचवर ताण. 'स्टेज टू'ला डाउनपाइप, म्हणजे टर्बोच्या लगेच पुढचा एक्झॉस्टचा पाइप बदलतात, बरेच जण धूर स्वच्छ करणारा कॅटकॉनच काढून टाकतात. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"आणि ब्रेक?"

"कंपनीचेच."

"टायर?"

"तेपण कंपनीचेच ओ मॅडम." एवढं बोलून तो स्वतःच हसला. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे मला त्याला शिकवावं लागलं नाही.

गाडीचं वेड हा आजार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन समजून घेणारा मुलगा मला रात्रभर रील्स बघणाऱ्या मुलापेक्षा बरा वाटतो. आईवडील मात्र वेड आणि रेस यांची एकच मोट बांधतात आणि दोन्हींवर एकदम बंदी घालतात. मग मुलगाही दोन्हींची बाजू घेऊन भांडतो.

व्यसनमुक्तीच्या कामात विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी रुजवलेली एक पद्धत इथं मला उपयोगी पडते. मी त्याला विचारलं, "रेस सोडावी असं 0 ते 10 मध्ये किती वाटतं?" तो म्हणाला, "चार." अशा वेळी घरचे विचारतात, फक्त चारच का? मी उलटं विचारलं, "चार तरी का? शून्य का नाही?" मग सोडायची कारणं त्यालाच शोधावी लागतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग एका रेसमध्ये पुढ्यात आलेल्या ट्रॉलीबद्दल बोलला. गाळप हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. उसानं भरलेल्या जोडट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांत झाकलेला, ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं लावलेली की मागचा हॉर्न ऐकू जात नाही. ताशी 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर सरतं, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, गाडी कशीबशी बाजूनं निघाली. मागच्या सीटवर त्याचा मावसभाऊ होता, अकरावीतला.

"तो मागे काय करत होता?"

"शूटिंग."

"आणि तो मोबाईल घेऊन बसलाच नसता तर?"

"मग कशाला गेलो असतो?" हे बोलल्यावर त्यानं माझ्याकडे जरा दचकून पाहिलं.

2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी अमेरिकेत वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला, कधी एकट्यानं, कधी सोबत्यांच्या देखत. सोबती बघत असले की किशोरवयीन आणि विशीतली मुलं जास्त धोका पत्करत. 24 च्या पुढच्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. श्रीनिवासचंही तेच होतं. ग्रुपवर मेसेज यायचा, "का बे, फाटली का?" आणि हा निघायचा. एकटा असताना सरळ ऐंशीनं चालवतो असं तो म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं.

वडिलांना वेगळं बोलावलं. ते "उद्या गाडी विकतो" म्हणत आले होते. त्यांना कायदा सांगितला, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतले तपशील उत्पादकानं दिल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले सुटे भाग बसवले तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड होऊ शकतो. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावली तर कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड, पुन्हा सापडला तर एक वर्ष किंवा 10,000. शिवाय बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेम अडतो. हे ऐकून ते मुलाऐवजी कागदपत्रांबद्दल विचारू लागले. माझ्या दृष्टीनं ती चांगली सुरुवात होती.

मुलगा 18 च्या आतला असेल, पिऊन चालवत असेल किंवा आज रात्रीच निघणार असेल, तर समुपदेशनाची वाट बघू नका, चावी घ्याच. श्रीनिवासच्या बाबतीत ठरलं ते असं : ईसीयू पुन्हा कंपनीच्या मॅपवर, चांगले टायर आणि ब्रेक पॅड वडिलांच्या पैशानं, शनिवारी रात्री गाडी कारखान्यात. ग्रुप सोडायला मी सांगितलं नाही, तो सोडणार नव्हताच. "फाटली का" याला काय उत्तर द्यायचं, याची मात्र आम्ही तालीम केली, मी त्याचा मित्र झाले आणि तो स्वतःच राहिला. सुरुवातीला "गाडी नानांकडे आहे" (नाना म्हणजे वडील) ही सबब मी चालवून घेतली. मावसभावाला गाडीत घ्यायचं नाही, ही अट त्यानं स्वतःहून घातली. वेग हवाच असेल तर कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळचा ट्रॅक आहे. तिथं हेल्मेट लागतं आणि पुढ्यात ट्रॉली येत नाही. त्यासाठी तो पैसे साठवतोय.

मध्ये एकदा तो पुन्हा रेसला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानंच आईला सांगितलं, आणि वडील चिडले तरी कपाटाला कुलूप लागलं नाही. सध्या बापलेकांचा वाद वेगळाच आहे. वॉरंटी संपल्यावर रीमॅप करायचा की नाही, आणि तो कायद्यात बसवायचा कसा. मला पंच करायला निघाले होते. मी हात जोडले आणि म्हटलं, दोघं मिळून आरटीओत जाऊन विचारा.