दुसरी बाजू वाचली आणि राग वाढला

"दोन्ही बाजू वाचाव्यात म्हणतात, म्हणून वाचतोय. पण आता भावाचा आवाजही नको वाटतो." राजापूर तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक पहिल्या भेटीत मला म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) २०२३ साली बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हापासून त्या प्रकल्पावरून दोघा भावांचं वाजलेलं. धाकटा भाऊ मुंबईत, प्रकल्पाच्या बाजूचा. गणपती मात्र मूळ घरी एकच.

यात मन कोतं असण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत २०१७ साली ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर रोज विरुद्ध बाजूचे २४ संदेश दाखवले, तेव्हा रिपब्लिकन समर्थक उलट आपल्याच टोकाकडे सरकले. पुढे फेसबुकवर विरुद्ध बाजूची वृत्तपत्रं वाचायला सुचवली. तेव्हा मतं बदलली नाहीत, पण समोरच्या पक्षाबद्दलची अढी थोडी सैल झाली. म्हणून काय वाचता, कोणाचं वाचता, हे आधी पाहायचं.

या शिक्षक काकांना मी आठवडाभर वहीत चार गोष्टी टिपायला सांगितल्या: वेळ, लिहिणारा कोण, छातीत-जबड्यात काय जाणवलं, पुढे काय केलं. वहीत दिसलं ते असं: रात्री दहानंतर, अनोळखी लोक, पोस्ट मिनिटभर आणि खालच्या कमेंट अर्धा तास. मग त्यातलीच एखादी कुटुंबाच्या ग्रुपवर. म्हणजे भाऊ बोललाच नव्हता, त्याच्या नावावर परक्यांच्या शिव्या जमा होत होत्या!

प्रवक्ते आणि कमेंट बंद केल्या. विरुद्ध बाजूचा एक सविस्तर लेख, आठवड्यातून दोनदा, सकाळी. आणि भावाला फोन.

पहिला फोन फसला. काका मुद्द्यांची यादी घेऊन बसले होते, चार मिनिटांत "ठेवतो" झालं. असं बरेचदा होतं, मुद्द्यांचा मारा झाला की माणूस बचावाला उभा राहू शकतो. दुसऱ्या वेळी यादी नाही, एकच प्रश्न: "तुला हे कधीपासून वाटायला लागलं?" उत्तर मध्ये न तोडता ऐकायचं, आपल्या शब्दांत परत सांगायचं, तो "हो, असंच" म्हणेपर्यंत. मगच आपलं.

भाऊ म्हणाला, "मी एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या एसटीत बसलो, दादा. पोरांना तरी इथं काम मिळू दे." काकांनी त्याला सड्याखालच्या झऱ्याचं आणि काजूच्या कलमांचं सांगितलं.

काकांचा विरोध आजही तेवढाच आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी (गणपतीवर टांगायची रानफुलाफळांची चौकट) बांधायला दोघे मिळून रानात गेले. वाटेत पुन्हा वाद झाला, पण हरणाची फुलं आणि कवंडळाची फळं घेऊन दोघे एकत्रच परतले.