पोराला गाण्याच्या क्लासला कधी घालायचं?

वहिनी, वय नंतर, आधी पोरगं एका जागी किती वेळ बसतंय ते बघा. पंधरा मिनिटं कान देऊन ऐकत असेल, टाळीवर ठेका धरत असेल, तर सहाव्या वर्षी घाला. नाहीतर आठव्यापर्यंत थांबा, काही बिघडत नाही.

आमच्या थोरलीला चौथ्याच वर्षी घातलं होतं. पहिल्या महिन्यातच अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, पाठ करायला लावले. सहा महिन्यांत पेटी दिसली की ती रडायची. चूक माझीच, घाई मलाच होती.

वाद्याचं गणित वेगळं. पेटीला एका हातानं भाता, दुसऱ्यानं सूर; मांडी घालून बसल्यावर दोन्ही हात नीट पोचायला हवेत. बासरीची भोकं बोटांनी पुरती झाकली नाहीत तर नुसती फुंकर ऐकू येते. गाणं असेल तर गुरुजी मुलाच्या गळ्याला झेपणारी पट्टी, म्हणजे सुराची उंची, धरतात की स्वतःची, हे पहिल्याच दिवशी बघा. ओढून गायची सवय लागली की सुटता सुटत नाही. मुलग्यांचा आवाज बारा-चौदाला फुटतो. तेव्हा क्लास बंद करू नका, खालच्या पट्टीत हलकं गाऊ द्या.

परीक्षेची घाई तर नकोच. तोवर आपल्या कोल्हापुरातल्या देवल क्लबात, त्या जुन्या गायनसंस्थेत, मैफल असेल तेव्हा न्या त्याला. अल्लादिया खाँसाहेबांसारखे थोर गवई जिथं राहिले त्या गावात राहतो आपण, ऐकायला काय तोटा? मध्येच झोपला तर झोपू दे.