वाचक विचारतात: जॅकार्डच्या आधीची नक्षी

प्रश्न : आमच्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांनुसार (पंचकार्डं) ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रावर पडते. जॅकार्ड 1804 च्या सुमाराचं. मग चीनच्या नैर्ऋत्येला, जुन्या शू राज्याची राजधानी राहिलेल्या चेंगडूत दोन हजार वर्षांपूर्वी नक्षीदार रेशीम कशावर विणत? – एक विणकर, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : याचा पुरावा 2012-13 मध्ये हाती आला. चेंगडूतल्या लाओग्वानशान इथं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या एका थडग्यात मागांच्या चार लाकडी प्रतिकृती सापडल्या. पंचकार्डाचं काम त्यांत चौकटी करत. नक्षीच्या प्रत्येक फेऱ्याला एक चौकट. त्या फेऱ्यात जे ताण्याचे (उभे) धागे वर हवेत, तेच तिच्या फासांत ओवलेले. चौकट उचलायची, बाण्याचा (आडवा) धागा नेणारा धोटा टाकायचा, मग पुढची चौकट. रंग सगळे ताण्यात, बाणा जवळजवळ झाकलेला. चादरीत बाण्याचा रंग मिरवतो, त्याच्या हे उलटच.

याच धाटणीचा माग उभारून हांगचौच्या रेशीम संग्रहालयानं एक जुना नमुना पुन्हा विणला. त्याला नक्षीच्या 84 आणि साध्या विणीच्या 2 चौकटी लागल्या, ताण्याचे धागे 10,470. खरी कसरत ओवणीची. एक धागा चुकीच्या फासात गेला की तो दोष प्रत्येक आवर्तनात उमटणार. शिवाय मागच्या बाजूच्या चौकटी जास्त उचलाव्या लागतात, नाहीतर धोट्याला वाट मिळत नाही. दाट ताणा घासून तुटतो तो वेगळाच. नक्षी रुंदीला हवी तेवढी पसरते, पण लांबी चौकटींच्या संख्येवर अडते. जॅकार्डनं सोडवलं ते हेच: कार्डं जोडत जा, नक्षी लांबत जाते.

प्रश्न : राज्यं बदलली, तरी राजधानी चेंगडूच कशी? – तेच वाचक

उत्तर : मुख्यतः पाण्यामुळे. इसवी सनापूर्वी 316 मध्ये छिन राज्यानं शू जिंकलं. इसवी सनापूर्वी 256 च्या सुमारास तिथला अधिकारी ली बिंग यानं मिन नदीवर दूच्यांगयेन ही पाणी वाटणारी रचना उभारली. आपल्या उजनीसारखी भिंत घालून पाणी अडवलेलं नाही. नदीच्या मधोमध बांध घालून प्रवाह दोन भागांत वाटला. आतला कालवा अरुंद नि खोल, म्हणून नदीला पाणी कमी असताना सुमारे 60 टक्के पाणी शेतीकडे वळतं. पुरात तेवढंच बाहेरच्या रुंद पात्रातून निघून जातं. बांध म्हणजे दगड भरलेले बांबूचे लांब करंडे. ते कुजत, म्हणून हिवाळ्यात पात्र कोरडं करून गाळ उपसायचा आणि करंडे बदलायचे. गाळ राहिला तर आतल्या कालव्याचा तळ वर येतो आणि वाटणीच बिघडते. आता तिथं काँक्रीट आहे, गाळ मात्र काढावाच लागतो.

या सुपीक मैदानाच्या जोरावर शू-हान राज्याचा संस्थापक ल्यू बेई यानं इसवी सन 221 मध्ये इथं गादी स्थापली, ती 263 पर्यंत टिकली. दहाव्या शतकात आणखी दोन शू राज्यांची राजधानीही हीच होती.