ग्रामसभांकडे तेंदू-बांबूचा एवढा पैसा येतो, त्याचा हिशोब कोण ठेवतं? आणि सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल गावाचं होतं का?

दुसरा भाग आधी उरकतो. विकायला, गहाण टाकायला जंगल तुमचं होत नाही. पण 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदू, बांबू, मोह, हिरडा या गौण वनउपजाची मालकी गावाची आहे आणि जंगल राखायचा अधिकारपण गावाचाच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू स्वतः विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडायला 2011 चा एप्रिल उजाडला. कागद मिळणं आणि माल गावाबाहेर काढता येणं यात जवळपास दोन वर्षं गेली, ते ध्यानात ठेवा.

आता हिशोब. हा प्रश्न मला लागतो, कारण मी चार वर्षं आमच्या ग्रामसभेच्या खात्यावर सही करणारा होतो. गडचिरोलीतलं कोरचीकडचं गाव, साठेक घरं.

मे महिन्यात पंधरा दिवस तेंदूचं पान तुटते. पहाटे जंगलात, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, सत्तर पानांचा एक पुडा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पान गोळा करायच्या जागी, मोजायला न्यायचे. मजुरी ज्याची त्याला, रॉयल्टी, म्हणजे पानाच्या किमतीपोटी ठेकेदार देतो ती रक्कम, ग्रामसभेच्या खात्यात. आधी ठेकेदाराचा माणूस मोजायचा तेव्हा शंभरावर दोन-चार पुडे वरचे घ्यायचा आणि कोणी बोलायचं नाही. आम्ही आमच्याच पोरांना मोजायला बसवलं. माझी आत्या, शाळेत एक दिवस गेली नाही, तिच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या, शंभर पुड्याला एक. सीझन संपल्यावर माझी वही आणि तिची भिंत जुळवली तर माझ्याच वहीत तिचे 200 पुडे कमी निघाले, ते सभेत सगळ्यांसमोर दुरुस्त केले. म्हणून कोणी तपासतं का असं विचारलं की मला ती भिंत आठवते.

2018 ला मात्र घात झाला. ठेकेदाराने दोन हप्ते दिले, तिसरा माल उचलल्यावर देतो म्हणाला. आत्या सभेत उठून म्हणाली, "पैसा खात्यात दिसल्याबिगर परवाना काहून फाडता?" वाहतुकीचा परवाना पुस्तकातून फाडून दिला की माल गावाबाहेर जातो, म्हणून ती विचारत होती. तिचं ऐकलं नाही. गोदामाचं भाडं चढतंय, पाऊस येईल, माल खराब होईल असं तो रोज फोनवर रडायचा आणि मी आणि अध्यक्षांनी परवाने फाडून दिले. ट्रक गेले ते गेले. 3 लाख 40 हजार रुपये आजपर्यंत आले नाहीत. तक्रारी केल्या, तारखा झाल्या, करारात हमी म्हणून काही लिहूनच घेतलं नव्हतं त्यामुळे हातात काही राहिलं नाही. ती चूक माझी आहे, मी सभेत कबूल केली आणि सहीचा अधिकार सोडला.

त्यानंतर माझा मेहुणा, नागपूरला नोकरीला आहे, लग्नात चारचौघांत म्हणाला की यांना हिशोब येत नाही, पैसा घराघरात वाटून टाकायला पाहिजे होता नाहीतर सरकारकडेच ठेवायचा. हे मला अजिबात मान्य नाही. वाटला असता तर आम्ही ज्या पैशात वणवा विझवायला माणसं लावली, बोडीचा, म्हणजे गावतळ्याचा, गाळ काढला, दोन बाळंतिणींना रात्री गाडी करून दवाखान्यात नेलं, ते कशातून केलं असतं? आणि आधी सगळं साहेबांच्या हातात होतं तेव्हा आमच्या जंगलाचे किती पैसे झाले हे आमच्या आज्याला कोणी सांगितलं होतं का? आमचे बुडाले ते आम्हाला रुपयापर्यंत माहीत आहेत.

तुमच्या गावाचा दावा असेल तर सभेला निम्मी माणसं पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बाया, नाहीतर वर बसलेले अधिकारी तेवढ्यावरून फाईल परत पाठवतात. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, ते पुरावा म्हणून चालतात, निस्तारपत्रक (गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) असेल तर जोडा. खातं आणि पॅन ग्रामसभेच्याच नावाने काढा, ग्रामपंचायतीच्या खात्यात रॉयल्टी घेऊ नका, तिथं चार गावांचा पैसा एकत्र होतो आणि मग तुमचा कोणता ते सांगता येत नाही. आणि परवान्याचं पुस्तक एका माणसाच्या घरी ठेवू नका. आमच्याकडे आता ते बचत गटाच्या पेटीत असतं, किल्ली आत्याकडे.

सगळ्या ग्रामसभा चांगल्या चालतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी सचिवानेच पैसे खाल्लेत, सीएकडून ऑडिट सगळेच करत नाहीत, ते करायला पाहिजे. मी फक्त माझ्या गावाचं सांगू शकतो.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर 2018 ची वही माझ्याकडेच आहे. दिवाळीला या, पहिल्या पानापासून बसू.