ज्वालामुखीच्या कॅल्डेरात जमीन वर-खाली का होते?

कॅल्डेरा म्हणजे मोठ्या उद्रेकानंतर जमीन खचून तयार झालेला विस्तीर्ण खळगा. तिथली जमीन हलते ती, थोडक्यात, खालचा दाब बदलतो म्हणून. काही किलोमीटर खोलवर नवा शिलारस घुसला, किंवा त्यातून सुटलेले वायू आणि तापलेलं पाणी सच्छिद्र खडकात कोंडलं, की वरची जमीन फुगते. तेच पाणी आणि वायू भेगांतून निसटले, शिलारस थंड होऊन आकसला, की ती परत खाली बसते. नेमका कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

पुरावा बघायचा तर इटलीत, नेपल्सजवळ अशाच एका कॅल्डेरात वसलेल्या पोत्सुओली गावात. तिथल्या रोमन बाजारात (फार वर्षं लोक त्याला देऊळच समजत होते) तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांवर माणसाच्या डोक्याच्याही वर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं दिसतात. म्हणजे खांब जमिनीसकट समुद्रात बुडाले आणि उभेच्या उभे परत वर आले!

१९८२ ते १९८४ मध्ये हीच जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, भूकंपाचे धक्के बसत राहिले, पण उद्रेक न होता ती पुन्हा खचू लागली. १५३८ मध्ये मात्र अशाच फुगवट्यानंतर उद्रेक झाला आणि आठवड्याभरात मोंते नुओव्हो ही नवी टेकडी उभी राहिली.